किर्रूचं आभाळ

समुद्राच्या काठी माडांची वाडी.
वाडीत घर.
घरापुढे अंगण.
अंगणात पाण्याचा रांजण.
रांजणाखाली गार ओल.
आणि त्या ओलीत राहतो एक रातकिडा. त्याचं नाव किर्रू.

किर्रू केवढा? चिंचोक्याएवढा. रंगही चिंचोक्याचाच.

दिवसभर किर्रू झोपतो. संध्याकाळ झाली की रांजणाखालून डोकं बाहेर काढतो. मिशा हलवतो. वर बघतो. वर आभाळ असतं.

आभाळ आधी केशरी होतं. मग जांभळं होतं. मग निळं, निळं, निळं होत जातं. आणि मग रांजणाच्या बरोबर वर एक चांदणी येते.

टिम्.

चांदणी आली की किर्रू पंखावर पंख घासतो. किर्र किर्र, किर्र किर्र. त्याचा नियमच आहे तसा. आधी चांदणी, मग गाणं. त्याच्या आईचाही हाच नियम होता. आजीचाही हाच होता.

एके दिवशी किर्रू उठला. डोकं बाहेर काढलं. मिशा हलवल्या. वर बघितलं.

वर आभाळ नव्हतं.

वर हिरवं होतं. डावीकडे हिरवं. उजवीकडे हिरवं. मधोमध हिरवं. सगळं गच्च हिरवं.

"माझं आभाळ हरवलं," किर्रू म्हणाला.

कुठे गेलं आभाळ? ऐका.

ह्या घरात राहते मोझेल. राहतो तिचा छोटा भाऊ योएल. राहतात आई आणि बाबा. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आज त्यांचा मांडवाचा सण. ह्या सणाला अंगणात मांडव घालायचा. घर सोडून मांडवात बसायचं आणि मांडवातच जेवायचं.

फार फार पूर्वी त्यांची माणसं वाळवंटातून चालत होती. तेव्हा त्यांना घर नव्हतं. डहाळ्यांचा मांडव होता, आणि वर आभाळ होतं. म्हणून ह्या मांडवाचं छप्पर विरळ हवं. आत बसून वर बघितलं, की चांदण्या दिसायला हव्यात.

पण बाबांचं काम शाकारायचं. पावसाळा आला की गावातल्या होड्या बाबा झापांनी शाकारतात. झाप म्हणजे नारळाच्या झावळीची विणलेली चटई. बाबांनी शाकारलेल्या होडीत पावसाचा एक थेंब शिरत नाही.

सकाळी बाबा शिडीवर चढले. तोंडाने शीळ घालत होते. हात आपले आपण चालले. झापावर झाप. झापावर झाप. वर सुंभाची गाठ. झाला मांडव. रांजणही मांडवात आला. किर्रूही मांडवात आला.

पण छपराला फट? एवढीशीसुद्धा नाही. आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही.

सूर्य बुडाला की आई सणाचा दिवा लावणार. दिवा लागला की सण लागला. मग कात्रीला हात लावायचा नाही. गाठ मारायची नाही. गाठ सोडायची नाही. काय करायचं ते सूर्य बुडायच्या आत.

किर्रूला हे ठाऊक होतं. रांजणाखाली सगळं ऐकू येतं.

त्याने बाहेर बघितलं. सूर्य माडांच्या शेंड्यांवर होता.

मग किर्रू निघाला. टुणटुण टुणुक, टुणटुण टुणुक. खांबावरून वर गेला. थेट झापापाशी.

"झापा झापा, सरक ना.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी गाऊ कसा?"

झाप सळसळलं. शेजारच्या अंगणात जा की, म्हणालं, तिथे आभाळ भरपूर आहे. किर्रू म्हणाला, ते शेजाऱ्यांचं. माझी चांदणी रांजणावर येते. आणि मांडवात बसून चांदणी दिसली नाही, तर तो मांडव कसला?

झापाने विचार केला. झापाला पटलं. ते सरकायला गेलं. पण त्याला सुंभाने आवळलं होतं.

"सुंभ सुटला तर मी सरकेन," झाप म्हणालं. "सुंभ सुटत नाही, मी सरकत नाही."

किर्रू निघाला. टुणटुण टुणुक, टुणटुण टुणुक. सुंभापाशी गेला.

"सुंभदादा सुंभदादा, सूट ना.
सुंभ सुटत नाही, झाप सरकत नाही.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी गाऊ कसा?"

सुंभ करकरला. सुंभ केसाळ. सुंभ राठ. सुंभाला आपल्या पिळाचा भारी गर्व.

"अरे चिंचोक्या," सुंभ म्हणाला, "मी जळलो तरी माझा पीळ जात नाही. तुझ्या सांगण्यावरून सुटेन होय? गाठ बाबांनी मारली. सोडली तर बाबांनीच."

किर्रूने दातांनी सुंभ ओढून बघितला. एक केस हलला. तेवढाच.

"बाबा चढले तर मी सुटेन," सुंभ म्हणाला. "बाबा चढत नाहीत, मी सुटत नाही."

किर्रू निघाला. टुणटुण टुणुक, टुणटुण टुणुक. खांबावरून खाली आला.

सूर्य माडांच्या झावळ्यांत शिरला होता.

बाबा मांडवात मधोमध उभे होते. दोन्ही हात पसरून उभे होते. हातांवर कागदाची साखळी होती. गळ्यात साखळी होती. दोन्ही कानांवर साखळी होती. मोझेलने त्यांना खुंटी केलं होतं. खुंटी हलत नाही, असं तिने बजावलं होतं.

"बाबा बाबा, चढा ना.
बाबा चढत नाहीत, सुंभ सुटत नाही.
सुंभ सुटत नाही, झाप सरकत नाही.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी गाऊ कसा?"

बाबांनी मान हलवली नाही. फक्त डोळे वर केले. डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मधोमध बघितलं. मग त्यांचे कान लाल झाले. साखळीपेक्षा लाल झाले.

"मांडव घालायला चढलो," बाबा हळूच म्हणाले, "आणि होडी शाकारून उतरलो."

बाबांना आत्ताच्या आत्ता शिडीवर चढायचं होतं. पण साखळी ओली होती. बाबा हलले की साखळी तुटणार. साखळी तुटली की मोझेल रुसणार. बाबा समुद्राला भीत नाहीत. मोझेलच्या रुसण्याला भितात.

"मोझेलची साखळी संपली तर मी चढेन," बाबा म्हणाले. "मोझेलची साखळी संपत नाही, मी चढत नाही."

"खुंटी बोलत नाही," मोझेल खालून म्हणाली.

किर्रू निघाला. टुणटुण टुणुक, टुणटुण टुणुक. मोझेलच्या चटईवर गेला.

चटईभर कागद होते. जुन्या लग्नपत्रिका होत्या. बिस्किटांच्या पुड्याचा चकचकीत कागद होता. हळदीने रंगवलेलं वर्तमानपत्र होतं, पिवळं पिवळं. बिटाने रंगवलेलं वर्तमानपत्र होतं, लाल लाल. आणि मोझेलची कात्री चालली होती. कचक कचक, कचक कचक.

पट्टी काप.
कडी वळव.
कडीत कडी.
खळ लाव.

पट्टी काप.
कडी वळव.
कडीत कडी.
खळ लाव.

"मोझेल मोझेल, साखळी संपव ना.
मोझेलची साखळी संपत नाही, बाबा चढत नाहीत.
बाबा चढत नाहीत, सुंभ सुटत नाही.
सुंभ सुटत नाही, झाप सरकत नाही.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी गाऊ कसा?"

मोझेलची कात्री थांबली. तिने वर बघितलं. वर हिरवं, गच्च हिरवं.

तिचा खालचा ओठ थोडा पुढे आला. दोन दिवस तिने कागद रंगवले होते. ते चांदण्यांखाली टांगायला रंगवले होते.

मग तिने भराभर शेवटची पट्टी घेतली. कडी वळवली. कडीत कडी घातली. खळ लावली. दाबून धरली. सोडली.

फट्. कडी उघडली.

पुन्हा दाबली. पुन्हा फट्.

किर्रू म्हणाला, राहू दे एक कडी. मोझेलने त्याला साखळी दाखवली. एका खांबापासून निघालेली साखळी दुसऱ्या खांबापाशी पोचतच नव्हती. एवढीशी कमी पडत होती. एका कडीएवढी.

"आधीची खळ संपली, ही नवी पातळ आहे," मोझेल म्हणाली. "खळ आळली तर साखळी संपेल. खळ आळत नाही, साखळी संपत नाही."

"आणि माझे हात दुखतायत," बाबा म्हणाले.

"खुंटीला हात नसतात," मोझेल म्हणाली.

किर्रू निघाला. टुणटुण टुणुक, टुणटुण टुणुक. उंबरा ओलांडला. स्वयंपाकघरात गेला.

खिडकीतून सूर्य दिसत होता. सूर्य माडांच्या खोडांपाशी उतरला होता.

शेगडीवर छोटी तपेली होती. तपेलीत खळ होती. कणीक आणि पाणी, पाणी आणि कणीक. नुसती पांढरी, नुसती पातळ. पचक पचक करत पडली होती.

"खळताई खळताई, आळ ना.
खळ आळत नाही, मोझेलची साखळी संपत नाही.
मोझेलची साखळी संपत नाही, बाबा चढत नाहीत.
बाबा चढत नाहीत, सुंभ सुटत नाही.
सुंभ सुटत नाही, झाप सरकत नाही.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी गाऊ कसा?"

खळ म्हणाली, पचक. मला काय पातळ राहायची हौस आहे? खाली विस्तव आहे, वर पाणी आहे. कोणी ढवळेल तर आळेन. ढवळलं नाही तर नुसत्या गुठळ्या होतील. गुठळ्यांनी काय चिकटणार, माझं कपाळ?

"आईने ढवळलं तर मी आळेन," खळ म्हणाली. "आई ढवळत नाही, मी आळत नाही."

किर्रूचे पाय दुखायला लागले होते. त्याला रागही यायला लागला होता. ज्याच्याकडे जावं, तो दुसऱ्याकडे पाठवतो. ज्याला विचारावं, तो म्हणतो आधी तो, मग मी. असं सगळेच म्हणायला लागले, तर कोणी काही करायचं कधी?

तरी किर्रू निघाला. टुणटुण टुणुक, टुणटुण टुणुक. आईपाशी गेला.

आई शेगडीशेजारीच होती. पण आईच्या एका कडेवर योएल होता. आणि आईचा दुसरा हात योएलच्या मुठीत होता. दोन्ही मुठींत होता. योएलला दात येत होता. योएल आईचं बोट हिरडीवर दाबत होता आणि रडत होता. ऊंऊंऊं, ऊंऊंऊं.

"आई आई, ढवळ ना.
आई ढवळत नाही, खळ आळत नाही.
खळ आळत नाही, मोझेलची साखळी संपत नाही.
मोझेलची साखळी संपत नाही, बाबा चढत नाहीत.
बाबा चढत नाहीत, सुंभ सुटत नाही.
सुंभ सुटत नाही, झाप सरकत नाही.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी गाऊ कसा?"

आईने खिडकीतून मांडवाकडे बघितलं. तिने कपाळाला हात लावला असता. पण हात मोकळा कुठे होता?

तिने योएलला काऊ दाखवला होता. चमचा वाजवून दाखवला होता. येत होती तेवढी सगळी गाणी म्हणून झाली होती. योएल हात सोडत नव्हता.

"योएलने हात सोडला तर मी ढवळीन," आई म्हणाली. "योएल हात सोडत नाही, मी ढवळत नाही. तूच सांग रे त्याला."

किर्रू निघाला. टुणटुण टुणुक, टुणटुण टुणुक. आईच्या पदरावरून वर गेला. योएलच्या नाकासमोर आईच्या खांद्यावर बसला.

सूर्य पाण्याला टेकला होता.

"योएल योएल, हात सोड ना.
योएल हात सोडत नाही, आई ढवळत नाही.
आई ढवळत नाही, खळ आळत नाही.
खळ आळत नाही, मोझेलची साखळी संपत नाही.
मोझेलची साखळी संपत नाही, बाबा चढत नाहीत.
बाबा चढत नाहीत, सुंभ सुटत नाही.
सुंभ सुटत नाही, झाप सरकत नाही.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी गाऊ कसा?"

योएल रडायचा थांबला. त्याने किर्रूकडे बघितलं. गालावर एक मोठा थेंब होता. योएलला थोडेच शब्द येत होते. त्यातला एक त्याने काढला.

"किल्ल," योएल म्हणाला.

आणि पुन्हा रडायला लागला. ऊंऊंऊं, ऊंऊंऊं.

आई हसली. ती म्हणाली, हा रोज संध्याकाळी असाच किरकिरतो. आणि रोज अंगणातून तुझं गाणं आलं, की गप्प होतो. तुझ्या गाण्याशिवाय हा कोणाचं ऐकत नाही.

"तू गायलास तर योएल हात सोडेल," आई म्हणाली. "किर्रू गात नाही, योएल हात सोडत नाही."

किर्रू म्हणाला, असं कसं? आधी चांदणी, मग गाणं. नियमच आहे तसा.

मग तो स्वतःशी पुटपुटायला लागला.

"किर्रू गात नाही, योएल हात सोडत नाही.
योएल हात सोडत नाही, आई ढवळत नाही.
आई ढवळत नाही, खळ आळत नाही.
खळ आळत नाही, मोझेलची साखळी संपत नाही.
मोझेलची साखळी संपत नाही, बाबा चढत नाहीत.
बाबा चढत नाहीत, सुंभ सुटत नाही.
सुंभ सुटत नाही, झाप सरकत नाही.
झाप सरकत नाही, आभाळ दिसत नाही.
आभाळ दिसत नाही, मी..."

किर्रू थांबला.

सगळे म्हणत होते, आधी तो, मग मी. आणि किर्रू काय म्हणत होता? आधी चांदणी, मग मी. तोही तेच म्हणत होता.

साखळी गोल फिरून त्याच्यापाशीच आली होती. एक कडी उघडी होती. ती किर्रूची होती.

सूर्य अर्धा बुडाला.

किर्रूने वर बघितलं. वर स्वयंपाकघराची कौलं होती. चांदणी नव्हती. चांदणीशिवाय त्याच्या आईने कधी गायलं नव्हतं. आजीने कधी गायलं नव्हतं. चांदणीशिवाय गाणं येतं तरी का? आलंच नाही तर?

त्याने पंखावर पंख ठेवला. घासला.

खर्.

कसलं गाणं ते. आई बघत होती. योएल बघत होता.

किर्रूने पुन्हा पंख घासला.

कि.

पुन्हा घासला.

किर्र.

किर्र किर्र.

किर्र किर्र, किर्र किर्र.

आलं. गाणं आलं. कौलांखाली आलं, चांदणीशिवाय आलं. ते किर्रूच्या आतच होतं. किर्रू स्वतःच थक्क झाला.

योएल हसला. टाळी वाजवायला त्याने मुठी उघडल्या.

योएलने हात सोडला, आईने खळ ढवळली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.
आईने खळ ढवळली, खळ आळली. बुडबुड बुडबुड.
खळ आळली, मोझेलची साखळी संपली. कडीत कडी, दाब दाब. फट् झालं नाही.
मोझेलची साखळी संपली, ती ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत लागली, आणि बाबा शिडीवर चढले. धप धप, धप धप.
बाबा चढले, सुंभ सुटला. चर्रर्र चर्रर्र. गेला पीळ.
सुंभ सुटला, झाप सरकलं. सर्रर्र सर्रर्र.
झाप सरकलं...

आणि सूर्य बुडाला.

बाबा खाली उतरले. आईने दिवा लावला. सण लागला. आता हाताला काम नाही. कात्री चटईवर निजली. सुंभ कोपऱ्यात निजला.

सगळे मांडवात आले. आई आली, योएलला घेऊन. मोझेल आली. बाबा आले, हातात काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला घेऊन. पेल्यावर प्रार्थना म्हणायची, मग सरबत प्यायचं, मग जेवायचं.

किर्रू रांजणाच्या काठावर बसला.

पण कोणी प्रार्थना म्हणेना. कोणी जेवेना. सगळे वर बघत होते.

वर हिरवं होतं. हिरव्यात एक फट होती. ताटाएवढी. फटीत आभाळ होतं.

आभाळ केशरी होतं.

मग जांभळं झालं.

मग निळं झालं. निळं. निळं.

"पाऊस आला तर?" बाबांनी हळूच विचारलं.

"तर भिजू," मोझेल म्हणाली.

साखळी वाऱ्यावर हलली. लाल कडी, पिवळी कडी, चकचकीत कडी. सुक सुक, सुक सुक. लांब समुद्र वाजत होता.

आणि मग.

टिम्.

रोज आभाळ केवढं मोठं असतं. त्यात चांदण्याच चांदण्या असतात. आज आभाळ ताटाएवढं होतं. त्यात ती एकटी होती. थरथरत होती. किती लांबून आली होती, आणि नेमकी ह्या फटीत आली होती. मोझेलच्या साखळीच्या वर. रांजणाच्या वर. किर्रूच्या वर.

"वाळवंटातल्या मांडवातून हीच दिसत असेल," आई म्हणाली.

"हीच?" मोझेलने विचारलं.

"हीच."

मोझेलचं तोंड उघडंच राहिलं. बाबांच्या पेल्यातलं सरबत थोडं सांडलं. कोणी त्यांना काही म्हणालं नाही.

चांदणी आली होती. आता किर्रूने गायचं. किर्रूने पंख उचलले. पण पंख तसेच राहिले. त्याला घासवेनात. तो नुसता बघत राहिला. एवढासा चिंचोका आणि एवढी लांबची चांदणी. रोजची होती, पण आज जणू पहिल्यांदाच दिसत होती.

तेव्हा आईच्या मांडीवरून एक बोट वर गेलं. लाळेने ओलं, एवढंसं बोट. थेट चांदणीकडे.

"किल्ल," योएल म्हणाला. "किल्ल किल्ल. किल्ल किल्ल."

आजवर किर्रू सगळ्यांसाठी गायला होता. किर्रूसाठी कोणी गायलं नव्हतं. आज योएल गात होता. आणि किर्रू रांजणाच्या काठावर बसून ऐकत होता, वर बघत होता.

बाबांनी पेला उचलला. प्रार्थना म्हटली. सगळे जेवले. किर्रूला खिरीतलं एक शीत मिळालं. ते त्याच्या डोक्याएवढं होतं.

कडीला कडी लागली,
गोष्ट तडीला लागली.